पहिल्या फटक्याला

आवाज तीन सेकंदांचा होता. सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली, इंजिन पेटलं, की त्याच क्षणी बॉनेटखाली कुणीतरी चिल्लर भरलेला पत्र्याचा डबा हलवायचं. एक, दोन, तीन. मग गप्प. त्यानंतर दिवसभर गाडी इतकी गुणी वागायची, की आपल्यालाच भास झाला असं वाटावं.

पहिले पंधरा दिवस मी भासच समजले. पुढच्या पंधरा दिवसांत किल्ली फिरवायच्या आधी रेडिओ लावायची सवय लागली. ती का लागली हे एका सकाळी लक्षात आलं आणि माझीच मला लाज वाटली. मी ज्या घरात वाढले तिथं यंत्राचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं हा आळस नव्हता, गुन्हा होता.

गाडी 2011 ची. 1.2 लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चाललेली 94 हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा यात फारसा दोष नाही. माझा किती आहे ते पुढं येईलच.

बँक सुटल्यावर संध्याकाळी सहाला मी गाडी गॅरेजात न्यायची. वीस मिनिटं चाललेलं, गरम इंजिन. तिथला माणूस बॉनेट उघडून कान द्यायचा आणि माझ्याकडं बघायचा. "मॅडम, आवाज कुठाय?" आवाज नसायचाच. आजारी माणूस दवाखान्याची पायरी चढला की त्याचं दुखणं पळतं, तसं. "सकाळी येतो हो, गार असताना." "गार इंजिनाला थोडा आवाज असतोच, मॅडम." एकानं टॅपेटचा आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं फॅन बेल्ट बदलला, पैसे घेतले, आणि आता येणार नाही असं छातीठोक सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला डबा वाजलाच. तिसऱ्यानं स्कॅनर जोडला. स्क्रीनवर एकही कोड नाही. चेक इंजिनचा दिवा कधी लागलेलाच नव्हता. यंत्राला यंत्रानं पास केलं म्हटल्यावर माझ्या कानांना कोण विचारतो!

मग मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. बॉनेट उघडून, मोबाईल बॅटरीवर टेकवून. पाच सकाळी पाच रेकॉर्डिंगं. ऐकल्यावर नवरा म्हणाला, "कुणीतरी भजी तळतंय." खरंच तसंच वाटत होतं.

अडचण अशी होती की मला आवाज सांगता येत नव्हता. "कसा आवाज येतो?" असं विचारलं की मी "खडखड" म्हणायची. पण खडखड हा आवाज नव्हे, ती आवाजांची अख्खी चाळ आहे. बैलगाडीही खडखडते आणि रिकामा डबाही. आपल्या भाषेत खरं तर एवढे बारकावे आहेत, की त्यांच्यावर एखादं गॅरेज चालावं. बेल्ट सैल झाला तर किरकिर. बेअरिंग गेलं तर घरघर, आणि वेगाबरोबर तिचा सूर चढतो. एक्झॉस्टच्या पॅकिंगमधून हवा निसटली तर फुसफुस. टॅपेटची टिकटिक, शिवणयंत्रासारखी मोजून घेता येईल अशी. सायलेन्सरवरचा पत्रा सुटला तर झणझण. यातलं माझं काहीच नव्हतं. माझं मोजता येत नव्हतं, एकसारखं नव्हतं, एकावर एक सांडल्यासारखं होतं. खळ्ळ् असं काहीतरी. खळखळ म्हणावं तर ती ओढ्याची.

रविवारी इचलकरंजीला माहेरी गेले, तेव्हा आण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं.

आण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यातली छत्तीस वर्षं ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. कापड विणतो तो कामगार, आणि माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. उजव्या कानानं त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही आणि डाव्या कानातलं मशीन ते मनाला येईल तेव्हा घालतात. चोवीस माग एका पत्र्याच्या छपराखाली मिनिटाला दीडशेच्या आसपास फटके मारत असतील, तर माणसाचे कान किती वर्षं टिकणार? आमच्या गल्लीतले सगळेच म्हातारे मोठ्यानं बोलतात. आई कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातलं सूत गुंडाळायला, जायची. कारखान्यातल्या बायका एकमेकींचं बोलणं ओठांवरून वाचायच्या आणि ती सवय घरीही सुटायची नाही. आमच्याकडं एखादी गोष्ट गुपचूप बोलायची तर तोंडावर हात धरावा लागे.

मी आण्णांना आवाजाचं सगळं वर्णन केलं. डबा, चिल्लर, भजी. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं, ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पहिल्या फटक्याला येतो, का माग चालू झाल्यावर?"

माग नव्हे आण्णा, गाडी. पण प्रश्न बरोबर होता, आणि महिनाभरात तो मला एकाही गॅरेजवाल्यानं विचारला नव्हता. आवाज कसा आहे हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी येतो, किती टिकतो, रात्रभर गाडी उभी राहिली तरच येतो का, दुपारी तासभर थांबवून चालू केली तर येतो का, हे कुणीच नाही. त्यांनी हे सगळं एकेक करून विचारलं, आणि मला कळलं की याची उत्तरं मला माहीत होती. दुपारी येत नाही. चार तास उभी राहिली तर जेमतेम अर्धा सेकंद. रात्रभर राहिली तर पुरते तीन. दोन दिवस राहिली तर चार.

"बेरिंग हाय," आण्णा म्हणाले. "पट्ट्याकडचं."

हे मात्र चुकलं. ते पुढं कळलं.

मागात टायमिंग म्हणजे काय, हे मी शाळेत जायच्या आधी पाहिलं आहे. साध्या मागाला खाली-वर दोन शाफ्ट असतात. वरचा क्रँक शाफ्ट, खालचा बॉटम शाफ्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की बॉटमचा एक. त्या खालच्या शाफ्टवर टॅपेट असतात. ते ताण्याचे, म्हणजे उभे, धागे आळीपाळीनं वर-खाली करतात, मधे एक वाट उघडते, आणि त्या वाटेतून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं जातो. वाट उघडी असते एका फटक्यापुरती. धोटा वेळेत पलीकडं पोचला तर कापड. वाटेत अडकला तर फणी त्याच्यावर येऊन आदळते आणि ताण्याचे शेकडो धागे एका झटक्यात तुटतात. मग ते एकेक जोडत बसायचं. आण्णांचा तो दिवस वाया गेलेला असला की आम्हाला जेवताना कळायचं.

गाडीच्या इंजिनात हेच आहे. शब्दसुद्धा तेच आहेत. क्रँक शाफ्ट खाली, कॅम शाफ्ट वर, आणि क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडायचा असतो. धोट्याच्या जागी पिस्टन समजा आणि वाटेच्या जागी व्हॉल्व्ह. बऱ्याच आधुनिक इंजिनांत या दोघांना एकाच जागेत आळीपाळीनं यावं लागतं. टायमिंग चुकलं तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि व्हॉल्व्ह वाकतो. फरक एवढाच की मागात क्रँक आणि बॉटम शाफ्टच्या मधे दातेरी चाकं असतात. इंजिनात दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून लांब, म्हणून तिथं पट्टा तरी असतो किंवा चेन. जुन्या मारुती 800 ला पट्टा होता. माझ्या गाडीला चेन.

हे मी आता ऐटीत सांगते आहे. तेव्हा माझ्या डोक्यात यातलं काहीही जुळलेलं नव्हतं. ते जुळवलं कोल्हापूरच्या मिस्त्रींनी.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर नावाचा भाग आहे. क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, लेथ, वेल्डिंग, एकाला लागून एक. रस्त्यावरून जाताना तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास येतो. बँकेतल्या शिपाईकाकांनी तिथलं एक गॅरेज सांगितलं. बोर्डसुद्धा नाही. मिस्त्री साठीचे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मी या वेळी आवाजाचं वर्णन केलंच नाही. आण्णांच्या प्रश्नांची उत्तरं तेवढी सांगितली. पहिल्या फटक्याला. तीन सेकंद. रात्रभर उभी राहिली तरच.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.

"मॅडम, ह्या दुखण्याला दिवसातनं एकच संधी असती," ते म्हणाले. "गाडी ठिवून जावा. रात्री कुणी हात लावणार न्हाई. सकाळी सातला मी सोता चालू करतो. तुम्ही बी या."

दुसऱ्या दिवशी सातला मी हजर. मिस्त्रींनी एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या पट्ट्याकडच्या बाजूच्या झाकणावर टेकवलं, मुठीकडची बाजू कानामागच्या हाडावर दाबली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. खळ्ळ्. तीन सेकंद. त्यांनी हात वर केला. बंद करा. बस्स, त्या दिवसाचं काम संपलं. इंजिन आता परत गार व्हायला रात्र लागणार. मी बँकेत गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी बेल्ट काढून ठेवला. म्हणजे अल्टरनेटर नाही, पाण्याचा पंप नाही, बाहेरचं काहीच फिरणार नाही. किल्ली फिरवली. आवाज आलाच. दहा सेकंदांत इंजिन बंद केलं. आण्णांचं बेअरिंग निकालात निघालं.

चौथ्या दिवसाची युक्ती मला फार आवडली. त्यांनी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन पेटणारच नाही, आणि स्टार्टर पाच सेकंद नुसता फिरवला. थांबून आणखी पाच सेकंद. मग फ्यूज परत बसवला आणि गाडी चालू केली. आवाज नाही! सव्वा महिन्यात पहिल्यांदाच गार गाडी निमूट चालू झाली.

"काय केलं तुम्ही?"

"काय न्हाई. आधी तेल वर चढू दिलं."

मग त्यांनी मला एका रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसवलं आणि सांगितलं. ते ज्या शब्दांत सांगत होते त्यांतले निम्मे मी आता विसरले, पण गाभा असा. क्रँक चेनला एका बाजूनं ओढतो. ती बाजू कायम ताठ. दुसऱ्या बाजूनं चेन परत येते, ती सैल. या सैल बाजूला एक वाकडी पट्टी चेनवर दाबलेली असते आणि पट्टीच्या मागं असतो टेन्शनर. अंगठ्याएवढी वस्तू. आत स्प्रिंग, एक दांडा, आणि इंजिनाच्या पंपाकडून येणारं तेल. तेलाच्या दाबानं दांडा बाहेर येऊन पट्टीला रेटतो. तेल परत जाऊ नये म्हणून आत एक छोटी गोळी असते, ती भोक बंद करते. आणि दांडा अगदीच मागं जाऊ नये म्हणून त्याला करवतीसारखे दाते. पुढं सरकता येतं, मागं फक्त एका दात्यापुरतं. त्या एका दात्याच्या जागेत तेलाची गादी असते. गोळी नीट बसत नसेल तर रात्रभरात तेल गळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, जातं. सकाळी इंजिन पेटतं, पण तेलाला खालून वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात चेनला धरणारं कुणी नसतं.

"म्हंजे बघा," मिस्त्री म्हणाले, "गाडीचं टेन्शन कमी झालंय, म्हणून तुमचं वाढलंय."

हा विनोद ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार. मी तरी मनापासून हसले.

आण्णा मला सायकलवर पुढं बसवून शाळेत न्यायचे. त्या सायकलची चेन सारखी उतरायची. तेव्हा ते मागच्या चाकाचे नट सैल करायचे, चाक जरा मागं ओढायचे आणि परत आवळायचे. इंजिनात शाफ्ट मागं ओढता येत नाही, म्हणून टेन्शनर. आणि मागावर ताण कमी-जास्त करणं हे तर त्यांचं रोजचं काम. ताण्याचे सगळे धागे बीमवर गुंडाळलेले असतात. बीमच्या कडेला दोर किंवा साखळी गुंडाळून तिला तरफेवर वजनं लावतात, म्हणजे बीम मोकाट सुटत नाही. कापड जसं विणलं जातं तसं बीम बारीक होतं, आणि बीम बारीक झालं की तेच वजन धाग्यांना जास्त ओढायला लागतं. मग जॉबर येऊन वजन जरा आत सरकवतो. जास्त ताणलं तर धागे तुटतात. सैल सोडलं तर कापड झिरझिरीत होतं आणि व्यापारी ते परत पाठवतो. आण्णा बीमवर पंजा उलटा ठेवून बघायचे आणि वजन बोटभर सरकवायचे. ते बोटभर किती, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. टेन्शनर ही तीच गोष्ट करतो, फक्त माणसाशिवाय. चेन जशी लांबते तसा तो दात्यादात्यानं पुढं येतो आणि कुणालाही काही कळवत नाही.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असं मला वाटायचं. तसं नसतं. प्रत्येक कडीची पिन आणि तिच्याभोवतीची बुश एकमेकींवर घासून झिजतात. एका कडीत मिलिमीटरचा शंभरावा भाग झिजला तर तो केसाच्या जाडीचा सातवा हिस्सा, डोळ्यांना दिसणारही नाही. पण कड्या 140-150 धरल्या तर सगळ्या मिळून दीड मिलिमीटर होतो. आणि 94 हजार किलोमीटरमध्ये क्रँक किमान 20 कोटी वेळा फिरलेला असतो. हा हिशोब मी बँकेत, जेवणाच्या सुट्टीत, चलनाच्या मागच्या बाजूला केला.

पाचव्या दिवशी इंजिन खोललं. मी रजा टाकली. वरिष्ठांना कारण "घरगुती" सांगितलं.

आधी ऑइल काढलं. ते भांड्यात पडलं आणि मिस्त्री काही बोलले नाहीत. बारक्या, म्हणजे त्यांचा हाताखालचा पोरगा, मात्र बोलला. "मॅडम, हे ऑइल हाय का डांबर?" इथं माझा दोष येतो. घर ते बँक सहा किलोमीटर, परत सहा. किलोमीटर भरत नाहीत म्हणून ऑइल बदलायचं मी पुढं ढकलत गेले. अठरा महिने झाले होते. पुस्तकात किलोमीटरबरोबर महिनेही लिहिलेले असतात, ते मी वाचलेले होते. शिवाय एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओल आणि कच्चं पेट्रोल राहतं, गाळ होतो. आणि टेन्शनरकडं तेल जाणारी वाट काडीएवढी.

मग अल्टरनेटर, क्रँकची पुली, खाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा देऊन इंजिनाचं एका बाजूचं माउंटिंग, वर टॅपेट कव्हर, खाली चेंबर, आणि शेवटी समोरचं मोठं झाकण. सिलिकॉननं चिकटलेलं ते झाकण सोडवायला पाऊण तास लागला. आत चेन. शोरूमच्या खिडकीतल्या घड्याळासारखी नीट, तेलानं काळी. काही बिघडलंय असं दिसतच नव्हतं. मिस्त्रींनी चेनच्या सैल बाजूवर बोट ठेवून दाबलं. ती आत गेली, बाहेर आली. टेन्शनरचा दांडा जवळजवळ सगळाच बाहेर आलेला, पुढं यायला दोन-तीन दाते शिल्लक. पट्टीच्या प्लॅस्टिकवर चेननं दोन चर पाडलेले, नखानं चाचपता येतील असे.

नुसता टेन्शनर बदलून भागलं असतं का? मी विचारलं. तो दोन बोल्टांवर असतो. "भागलं असतं. वरीसभर," मिस्त्री म्हणाले. "मग परत हेच समदं उघडायचं." भाग साडेपाच हजारांचे, मजुरी साडेचार. चेन, दोन्ही पट्ट्या, टेन्शनर, पुढचं ऑइल सील, सगळं नवं.

जुनी चेन बारक्यानं वर्तमानपत्रावर ठेवली. मला ती घरी हवी होती, आण्णांना दाखवायला. त्या रात्री या चेनचा जन्म कुठं झाला ते वाचत बसले. हान्स रेनॉल्ड नावाचा एक स्विस माणूस इंग्लंडात मँचेस्टरला आला. 1879 मध्ये त्यानं शेजारच्या सॅल्फर्डमध्ये एक छोटा धंदा विकत घेतला. तो होता कापडगिरण्यांच्या यंत्रांना चेन पुरवण्याचा. पुढच्याच वर्षी, 1880 मध्ये, त्यानं बुश-रोलर चेन काढली. सायकलीच्या चेनमध्ये असते तीच रचना. 1885 मध्ये दातेरी कड्यांची, कमी आवाज करणारी चेनही त्याचीच. या दोन घराण्यांच्या चेन आज मोटारींच्या इंजिनांत फिरतात. म्हणजे इंजिनातली चेन ही मूळची गिरणीवाल्यांची पोर. आणि मी ज्या गावात जन्मले त्याला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात, 1904 मध्ये, विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तिथून ते सुरू झालं. रात्रीचे बारा वाजले होते आणि मला कुणाला तरी हे सांगायचं होतं. नवरा झोपला होता. त्याला उठवून सांगितलं. "बरं," म्हणाला.

त्याच रात्री तो शब्दही सापडला. साखळदंड काय करतात? खळखळतात. बेड्या खळखळतात. महिनाभर मी ज्या शब्दाला ओढ्याचा म्हणून बाजूला सारत होते तोच खरा होता, आणि भाषेला चेनचा आवाज माझ्याआधी कैक वर्षं ठाऊक होता.

जुळणी दुसऱ्या दिवशी झाली. यात मिस्त्रींनी कुणालाही बोलू दिलं नाही. रेडिओ बंद, बारक्याचा मोबाईल बंद. नव्या चेनमध्ये काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या क्रँकच्या आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणांसमोर येतील अशीच चेन चढवायची. एक दात इकडं-तिकडं झाला की संपलं. चेनला आधी हातानं तेल लावलं. पट्ट्या बसवल्या. नवा टेन्शनर येतो तेव्हा त्याचा दांडा आत दाबून एका पिनेनं अडवलेला असतो. दोन बोल्ट आवळले, आणि मिस्त्रींनी ती पिन मला ओढायला सांगितली. का कोण जाणे. मी ओढली. टक् करून दांडा पुढं आला आणि चेन ताठ झाली. आवाज एवढासा, पण सगळ्या गॅरेजात तेवढाच.

मग त्यांनी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं, अगदी सावकाश, इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं. कुठं अडतंय का ते मनगटाला कळावं म्हणून. धोटा अडकतो आहे का ते बघायला आण्णाही माग आधी हातानं फिरवायचे. मी खुणा बघायला पुढं वाकले आणि घाबरले. रंगीत कड्या भलतीकडंच गेलेल्या! "त्या आता लवकर जुळत न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "त्या फक्त बसवताना. आता चाकावरच्या खुणा बघायच्या." त्या जुळल्या होत्या. त्यांनी आणखी दोन फेरे फिरवले. परत बघितलं.

झाकणाला सिलिकॉन लावून रात्रभर सुकू दिलं. सकाळी नवं ऑइल, नवा फिल्टर, फ्यूज काढून स्टार्टर दोनदा फिरवला, आणि मग किल्ली. इंजिन पेटलं. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून वाकलेले. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

इचलकरंजीत लहानपणी आम्ही मागांच्या आवाजात झोपायचो. रात्रपाळीला लाईट गेली की गल्लीतली माणसं जागी व्हायची. एकदम शांत झालं की झोप मोडायची. गाडी दुरुस्त झाल्यावर आठवडाभर माझं तसंच झालं. साडेसहाला किल्ली फिरवायची, काहीच व्हायचं नाही, आणि मी उगाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायची.

पुढच्या रविवारी जुनी चेन, पट्ट्या आणि टेन्शनर पिशवीत घालून गावी गेले. आण्णांनी सगळं अंगणात चटईवर मांडायला लावलं. टेन्शनरचा दांडा अंगठ्यानं दाबून बघितला. तो एका दात्यापुरता लपलप करत होता. काळ्या तेलाचा एक थेंब त्यांच्या बोटावर आला, तो त्यांनी वास घेऊन पुसला. पट्टीवरच्या चरांत नख घातलं. "धोट्याच्या पेटीला पडतात तसं," म्हणाले. चेन आडवी धरली, ती धनुष्यासारखी वाकली. त्यावर "हूं" एवढंच. बेअरिंगचा विषय मी काढला नाही.

मुक्काम केला. सकाळी गाडी रात्रभर गार पडलेली. आण्णा उठून बाहेर आले. कानातलं मशीन आत टेबलावरच होतं. मी म्हटलं, "आण्णा, मशीन घाला, आता ऐका." त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं, बॉनेटजवळ आले आणि पट्ट्याच्या बाजूला पत्र्यावर उजवा पंजा पसरून ठेवला. कारखान्यात कानांचा उपयोग नसायचा. मागाच्या फ्रेमवर पंजा ठेवून ते आतलं काय ते ओळखायचे.

मी किल्ली फिरवली. त्यांनी डोळे मिटले. अर्धा मिनिट गेला असेल. मग त्यांनी हात काढला, लुंगीला पुसला आणि खिडकीशी आले.

"चेन बरी हाय," ते नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले, शेजारची चांगली जागी झाली असणार. "पर आक्का, ते पट्ट्याकडचं बेरिंग बघून घे."

अजून बघितलेलं नाही.